शिखरावर ढग बसलाय, थांबायचं की निघायचं?

"ढग अडकलाय, जाईल थोड्या वेळात" हे आधी डोक्यातून काढा. आम्ही एकदा कळसूबाईला जाताना बारी गावात चहा ढोसत दीड तास थांबलो, वरचा ढग सरकला की निघू म्हणून, वारा असा की टपरीची ताडपत्री फडफडत होती आणि ढग मात्र जागचा हलेना. नंतर ट्यूब पेटली की तो अडकलेला नसतोच, तिथल्या तिथे सारखा नवीन बनत असतो. अरबी समुद्राकडून आलेली ओली हवा सह्याद्रीच्या भिंतीला लागली की वर चढते, वर दाब कमी म्हणून पसरते आणि थंड होते, दर १०० मीटरला साधारण १ डिग्री, मग एका उंचीवर वाफेचे थेंब होतात. पलीकडे उतरताना तीच हवा परत तापते, थेंब गायब. शिखरावर टोपीसारख्या बसलेल्या या ढगाची कड पाच मिनिटं नीट बघा, वाऱ्याकडच्या बाजूला पांढरे धागे कुठूनच न येता उगवतात आणि मागच्या बाजूला फाटत फाटत विरून जातात. लडाखकडे उडत्या तबकडीसारखे ढग तासन्‌तास एका जागी दिसतात ना, तेही याच भानगडीतले, फक्त तिथे डोंगर ओलांडलेली हवा लाटेसारखी वरखाली होते आणि लाटेच्या माथ्यावर ढग धरतो.

आता घरबसल्या अंदाज कसा काढायचा. वेदर ॲपमध्ये पायथ्याच्या कोकणातल्या गावाचं तापमान आणि ड्यू पॉइंट (हवा ज्या तापमानाला थंड झाली की वाफेचे थेंब व्हायला लागतात ते) बघा, वजाबाकी करा, १२५ ने गुणा. समजा २८ आणि २४, तर ४ गुणिले १२५ म्हणजे त्या गावापासून ५०० मीटरवर ढगाचा तळ, हरिश्चंद्रगड १४२४ मीटर आहे, म्हणजे अर्धी वाटसुद्धा व्हायच्या आत धुक्यात. दुपारी हे गणित बऱ्यापैकी जुळतं, पहाटेच्या दरीतल्या धुक्याला लावू नका.

घाटमाथ्यावर धो धो असेल तर सरळ पूर्वेकडचा किल्ला धरा, हवा तिथे पोचेपर्यंत बरीचशी पिळून निघालेली असते. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिमीच्या वर पाऊस, विसेक किलोमीटरवर पाचगणीत त्याच्या निम्माही नाही, आणि वाईला उतरलात की छत्री बॅगेत.

राहिलं इंद्रवज्र, म्हणजे ढगावर पडलेल्या आपल्या सावलीभोवती दिसणारा रंगीत गोल, ज्यासाठी निम्मी पब्लिक हरिश्चंद्रगडाला जाते (कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ मध्येच लिहून ठेवलंय याबद्दल). गडावरचा कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी जायचं, संध्याकाळी सूर्य समोर येतो मग काही उपयोग नाही. पाठीवर ऊन आणि समोर खाली दरीत ढग, दोन्ही एकदम पाहिजेत, म्हणून पाऊस ओसरतानाचे दिवस बरे. कड्याच्या टोकावर उभं राहायची गरज नाही, दगड ओले असतात, झोपून बघा. ढगावर आपली सावली शोधा, रंगीत गोल तिच्या डोक्याभोवतीच असतो. शेजारच्याशी वाद घालू नका, प्रत्येकाला गोल स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतो, आणि फोन हात लांब करून वर धरलात तर फोटोत तो फोनच्या सावलीभोवती येतो.