झेब्राफिशच्या भ्रूणातली पेशीपटलावरची प्रथिनं अभ्यासताय? या चुका टाळा

प्रथिन बंद केलं, भ्रूण बिघडला, म्हणजे प्रथिनाचं काम कळलं, असा निष्कर्ष पेशीपटलावरच्या प्रथिनांबाबत फार घाईने काढला जातो. माझ्या मते निम्मा गोंधळ एकच प्रश्न न विचारल्यामुळे होतो: हे प्रथिन भ्रूणात कधीपासून आहे, आणि ते आईने दिलंय की भ्रूणाने स्वतः बनवलंय?

आईची शिदोरी विसरणं

अंडं पडतं तेव्हाच त्यात आईने घातलेले आरएनए आणि प्रथिनं असतात. भ्रूणाची स्वतःची जनुकं जोमाने कामाला लागतात ती साधारण तीन तासांनी, पेशी हजाराच्या घरात गेल्यावर. म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेला भ्रूणसुद्धा सुरुवातीचे तास आईच्या शिदोरीवर निभावून नेतो.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे 'वन-आइड पिनहेड'. हे प्रथिन पेशीपटलाच्या बाहेरच्या बाजूला अडकलेलं असतं आणि नोडल या संदेशाची दखल घ्यायला रिसेप्टरला, म्हणजे पटलावर संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला, त्याची साथ लागते. फक्त भ्रूणाच्या स्वतःच्या दोन्ही प्रती बिघडल्या असतील तर दोन डोळ्यांऐवजी मधोमध एकच डोळा होतो, पण धड बऱ्यापैकी तयार होतं. एवढ्यावर थांबलात तर 'हे प्रथिन डोक्यापुरतं आहे' असं लिहून मोकळे व्हाल. 1999 मध्ये संशोधकांनी अशा बिघडलेल्या भ्रूणांना आरएनए टोचून जगवलं, मोठं केलं आणि त्यांच्याच अंड्यांपासून आईचाही वाटा नसलेले भ्रूण मिळवले. त्यांच्यात एंडोडर्म (आतडं वगैरे घडवणारा आतला थर) नव्हताच, मेसोडर्मही (स्नायू, रक्त वगैरे घडवणारा मधला थर) जवळपास नव्हता. प्रथिन तेच, पण त्याच्या कामाची व्याप्ती पार बदलून गेली. या भ्रूणांत वरून नोडल टोचूनही काही होत नाही. पण पेशीच्या आत हाच संदेश पुढे नेणारं स्मॅड2 हे प्रथिन चालू अवस्थेतलं दिलं की प्रतिसाद येतो. अडथळा पटलापाशीच आहे हे त्यावरूनच पक्कं झालं. अशी चाचणी आपल्या प्रथिनासाठी करता येईल का, हे आधीच ठरवा.

मॉर्फोलिनो, म्हणजे ठरावीक आरएनएला चिकटून त्याचं काम अडवणारा कृत्रिम रेणू, वापरतानाही हाच घोळ होतो. स्प्लायसिंग (कच्च्या आरएनएची काटछाट आणि जोडणी) अडवणारा मॉर्फोलिनो आईच्या तयार आरएनएला हातही लावत नाही. भाषांतर (आरएनएवरून प्रथिन बनणं) अडवणारा नवं प्रथिन थांबवतो, पण आधीच पटलावर बसलेलं तसंच राहतं. सुरुवातीच्या तासांत परिणाम दिसला नाही म्हणून प्रथिन बिनकामाचं ठरवू नका.

रखडलेली एपिबोली आणि आजारी भ्रूण एकच समजणं

ई-कॅडहेरिन पेशींना एकमेकींशी धरून ठेवतं. एपिबोली, म्हणजे पेशींचा थर बलकावरून खाली सरकत जाणं, सुमारे चार तासांनी सुरू होते आणि दहा तासांपर्यंत संपते. ई-कॅडहेरिनच्या जनुकात बिघाड असलेल्या 'हाफ बेक्ड' भ्रूणांत आतल्या पेशी मध्येच अडतात, बाहेरचा आच्छादक थर मात्र पुढे सरकत राहतो. नेमकी हीच तफावत शोधायची. अ‍ॅक्टिन (पेशीच्या आतल्या सांगाड्याचं प्रथिन) आणि केंद्रकं रंगवून दोन्ही थरांच्या कडा वेगवेगळ्या मोजा. दोन्ही कडा सारख्याच मागे असतील तर आधी संशय घ्या तो इंजेक्शनच्या इजेचा, जास्त डोसचा किंवा तापमानाचा.

तापमानाकडे तर सर्रास दुर्लक्ष होतं. प्रमाणित वेळापत्रक 28.5 अंश सेल्सिअसचं आहे. 25 अंशांवर सहा तासांचा टप्पा गाठायला जवळपास साडेसात तास लागतात. घड्याळ पाहून भ्रूण फिक्स करू नका (म्हणजे रसायनाने आहे त्या अवस्थेत थांबवू नका), टप्पा पाहून करा, आणि कंट्रोल, म्हणजे तुलनेचे भ्रूण, नेहमी एकाच वेळी घातलेल्या त्याच अंड्यांतले, त्याच इन्क्युबेटरमधले ठेवा.

कॅडहेरिनला कॅल्शियम लागतं, हेही लक्षात असू द्या. बलक काढायला कॅल्शियमविरहित रिंगर (क्षारांचं द्रावण) वापरलं की पेशींची पकड सैल होते. त्यानंतर चिकटपणाची तुलना करण्यात अर्थ नाही.

मॉर्फोलिनोवर आंधळा विश्वास

डोकं काळवंडलेलं आणि मज्जासंस्थेत पेशी मरताना दिसल्या तर तो तुमच्या प्रथिनाचा परिणाम असेलच असं नाही. काही मॉर्फोलिनो लक्ष्याशी संबंध नसताना पी53 हे पेशींना मरणाकडे नेऊ शकणारं प्रथिन चेतवतात, हे 2007 मध्येच दाखवलं गेलं. 2015 मध्ये मॉर्फोलिनो आणि म्युटंट (जनुकच बिघडलेले भ्रूण) यांची मोठी तुलना झाली, तेव्हा मॉर्फोलिनोने दिसलेले बरेचसे दोष म्युटंटमध्ये सापडलेच नाहीत. पण उलट घाईही नको. त्याच वर्षी egfl7 जनुकावरच्या कामातून दिसलं की म्युटंटमध्ये दुसरी जनुकं वाढून उणीव भरून काढू शकतात. मार्ग सरळ आहे: तोच मॉर्फोलिनो म्युटंटमध्ये टोचा. तिथे लक्ष्यच उरलेलं नाही. तरीही तोच दोष तितकाच दिसला तर तो मॉर्फोलिनोचा दुष्परिणाम.

चमकतंय म्हणजे पटलावर आहे, असं मानणं

जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) जोडलेल्या प्रथिनाचा आरएनए भरपूर टोचला की प्रथिन आतच साचतं आणि कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली पेशीभर धूसर चमक दिसते. डोस उतरत्या क्रमाने तपासा आणि सोबत पटलाचा वेगळ्या रंगाचा मार्कर ठेवा. दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या तरच 'पटलावर' म्हणा.

फोटो आधी काढा, वर्गवारीही तेव्हाच करा, आणि त्याच भ्रूणाचा डीएनए काढून जनुकप्रकार नंतर पाहा. कोणता भ्रूण म्युटंट आहे हे आधी माहीत असलं की धूसर कडाही 'रखडलेली' वाटू लागते.