पिसं, फर आणि लोकर: इंग्रजी वाक्प्रचारांतल्या या चुका टाळा

नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. आमचे एक वरिष्ठ निवृत्त होत होते आणि निरोपाच्या कार्डावर इंग्रजीत चार ओळी लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. साहेबांनी आयुष्यभर काटकसर करून घर बांधलेलं, दोन्ही मुलींना शिकवलेलं. मी झोकात लिहिलं, 'यू हॅव फेदर्ड युअर नेस्ट वेल.' माझ्या डोळ्यांसमोर होती काडी काडी जमवून, आत मऊ पिसं अंथरणारी चिमणी. लेखा विभागातल्या बाईंनी कार्ड वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "अरे, साहेबांनी जन्मभर तुंबडी भरली असं लिहिलंयस तू!" नवं कार्ड आणावं लागलं, माझ्याच पैशांनी.

'फेदर वन्स नेस्ट' म्हणजे हातात अधिकार किंवा दुसऱ्याचा पैसा असताना स्वतःचं उखळ पांढरं करून घेणं. घर सजवण्याशी, संसार उभा करण्याशी त्याचा संबंध नाही. त्या दिवसापासून मी पिसांच्या, लोकरीच्या, केसांच्या इंग्रजी वाक्प्रचारांकडे जरा संशयानंच बघतो. अनोळखी शब्द आला तर आपण शब्दकोश उघडतोच. पण जिथलं चित्र आपल्या मराठीतल्या चित्रासारखं दिसतं, तिथे कोणी कोश उघडत नाही आणि नेमका तिथेच पाय घसरतो.

याचा सगळ्यात छान नमुना बदकाच्या पाठीवर आहे. 'वॉटर ऑफ अ डक्स बॅक' आला की भाषांतर करणाऱ्याचा हात आपोआप 'पालथ्या घड्यावर पाणी' लिहून मोकळा होतो. दोन्हीकडे पाणी ओघळतं, दोन्हीकडे आत काही शिरत नाही. पण पालथा घडा म्हणजे ज्याला कितीही शिकवा, डोक्यात काही जात नाही असा माणूस, दोष घड्याचा. बदकाच्या पाठीवरून ओघळतात ते टोमणे, टीका, शिव्या, आणि त्यात बदकाची शोभा असते. बदकाच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. ते तेल चोचीनं पिसांवर चोपडत बसणं हा त्याचा रोजचा उद्योग. पिसांचे बारीक तंतूही एकमेकांत असे अडकलेले असतात की पाण्याचा थेंब आत न शिरता घरंगळून जातो. म्हणजे बदक कोरडं राहतं ते स्वतःच्या मेहनतीनं! 'क्रिटिसिझम इज वॉटर ऑफ अ डक्स बॅक टू हर' याचं 'तिला कितीही सांगा, पालथ्या घड्यावर पाणी' असं भाषांतर केलंत, तर एका खंबीर बाईला तुम्ही मठ्ठ ठरवलंत. 'टीका ती अंगाला लावून घेत नाही' हे साधं मराठी तिथे चपखल बसतं.

कोणी म्हणेल, मग अळवावरचं पाणी? तोही सापळाच. अळवावरचं पाणी म्हणजे क्षणभंगुर, आत्ता आहे आणि आत्ता नाही. जवळचं चित्र हवंच असेल तर गीतेतलं पाण्यात राहून न भिजणारं कमळाचं पान आहे, पण रोजच्या बोलण्यात ते फारच भारदस्त वाटतं.

लोकरीचा घोळ याहून गमतीचा. 'पुल द वूल ओव्हर समवन्स आइज' वाचताना आपल्याला 'डोळ्यांवर कातडं ओढणं' आठवतं. लोकर काय, कातडं काय, दोन्ही मेंढीचंच! पण आपल्याकडे कातडं माणूस स्वतःच्या डोळ्यांवर ओढून घेतो, दिसत असून न दिसल्यासारखं करतो. इंग्रजीतली लोकर दुसऱ्याच्या डोळ्यांवर ओढली जाते, त्याला फसवायला. 'अधिकाऱ्यांनी डोळ्यांवर कातडं ओढलं' आणि 'अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकली' यांत जेवढा फरक आहे, तेवढा इथेही आहे. पहिल्यात अधिकारी सामील, दुसऱ्यात बिचारे फसलेले. बातमीत ही अदलाबदल झाली तर थेट नोटीस येईल.

तिसरी जोडी केसांची. 'ही डिडन्ट टर्न अ हेअर' म्हणजे त्याच्या केसालाही धक्का लागला नाही, असं मी एका परीक्षेच्या पेपरात वाचलंय. केसाला धक्का न लागणं म्हणजे सुखरूप राहणं. इंग्रजीतला केस मुळात घोड्याच्या अंगावरचा आहे: दमून घाम फुटला की घोड्याच्या अंगावरचे केस विस्कटतात, आणि न दमलेल्या घोड्याचे जसेच्या तसे राहतात. त्यावरून अर्थ आला तो चेहऱ्यावर काहीच न दिसण्याचा. हात मोडला तरी माणूस 'टर्न अ हेअर' करत नाही, असं होऊ शकतं. इथे आपलं 'तो जागचा हलला नाही' किंवा 'चेहऱ्यावरची रेषही हलली नाही' चालतं.

पांढऱ्या पिसाला पांढऱ्या निशाणाचा भाऊ समजू नका. निशाण शरणागतीचं किंवा तहाच्या बोलणीचं, पीस भेकडपणाचं. झुंजीच्या कोंबड्याच्या शेपटीत पांढरं पीस दिसलं की तो अस्सल जातीचा नाही, लढताना कच खाणार, असा इंग्लंडमधल्या झुंजी लावणाऱ्यांचा समज होता. पहिलं महायुद्ध नुकतंच सुरू झालेलं असताना, ऑगस्ट १९१४ मध्ये ॲडमिरल चार्ल्स पेनरोज फिट्झगेराल्ड यांनी इंग्लंडमधल्या फोकस्टन गावात ३० बायकांना कामाला लावलं: सैन्याचा गणवेश न घातलेला तरुण रस्त्यात दिसला की त्याच्या हातात पांढरं पीस द्यायचं. पुढे ही टूम देशभर पसरली आणि जखमी होऊन घरी आलेल्या सैनिकांनाही पिसं मिळू लागली. १९१६ मध्ये सरकारनं सन्मानानं सेवामुक्त झालेल्यांसाठी चांदीचा बिल्ला काढला, त्यामागे ही डोकेदुखीही होती. यातली व्याकरणाची मेख अशी की 'शो द व्हाइट फेदर' म्हणजे आपण स्वतः भेकडपणा दाखवणं आणि कोणाला पीस 'देणं' म्हणजे दुसऱ्याला भेकड ठरवणं. क्रियापद चुकलं तर भेकड बदलतो.

आता किरकोळ चुका, पण रोज दिसणाऱ्या. 'बर्ड्स ऑफ सेम फेदर्स' असं नसतं. 'बर्ड्स ऑफ अ फेदर' असतं, कारण त्यातल्या 'अ'चा अर्थच 'एकाच' असा आहे. १५४५ सालच्या विल्यम टर्नर यांच्या लिखाणातही या म्हणीचं जुनं रूप सापडतं, तेव्हा आता तिच्यात सुधारणा करायला जाऊ नका. आणि तिला आपल्या 'एकाच माळेचे मणी'सारखा तिरकस वास आहे, त्यामुळे लग्नाच्या शुभेच्छांत ती नको. 'डाइड इन द वूल' लिहिताना स्पेलिंगमध्ये 'वाय'च्या जागी 'आय' पडला की लोकरीत कोणीतरी मरतं. मूळ कल्पना रंगाची आहे: सूत कातण्याआधीच लोकर रंगवली की रंग तंतूच्या आत मुरतो, धुऊन जात नाही. म्हणून मुरलेला, कट्टर. 'रेझ हॅकल्स'मधले हॅकल्स म्हणजे कोंबड्याच्या मानेवरची लांब पिसं किंवा कुत्र्याच्या मानेवरचे केस, जे भांडणाआधी ताठ होतात. तिथे 'हेकल' लिहिलं तर सभेत वक्त्याला सतावणारे लोक येऊन बसतात.

'फेदर इन वन्स कॅप' आपल्याला सहज जमतो, कारण शिरपेचातला मानाचा तुरा घरचाच आहे. 'फ्लीस' हे क्रियापदही सोपं: ते मेंढीची लोकर उतरवतात, आपण गिऱ्हाइकाची हजामत करतो.

कुठे वापरायचं हेही बघा. 'ऑल फर कोट अँड नो निकर्स' हा ब्रिटिश टोला फार झकास, पण बड्या घरच्या पोकळ वाशाला तो थेट अंतर्वस्त्रांपर्यंत नेतो. कचेरीच्या ईमेलमध्ये नको. 'हेअर ऑफ द डॉग' म्हणजे रात्रीच्या दारूचा त्रास सकाळी आणखी एक घोट घेऊन घालवणं. चावलेल्या कुत्र्याचाच केस जखमेवर लावायचा, या जुन्या समजुतीतून तो आलाय. पाहुणा तो मागत असेल तर पशुवैद्याला फोन करू नका.

व्युत्पत्तीच्या कथांपासूनही सावध राहा. 'मॅड ॲज अ हॅटर', म्हणजे टोप्या बनवणाऱ्यासारखा वेडा, हा वाक्प्रचार 'ॲलिस इन वंडरलँड'च्या गोष्टीतून आला असं छातीठोकपणे सांगितलं जातं. ती गोष्ट १८६५ ची, आणि वाक्प्रचार त्याआधीच छापून आलेला आहे. सशाच्या आणि बीव्हरच्या फरपासून टोप्यांचं फेल्ट, म्हणजे केस दाबून केलेलं जाड कापड, करताना पाऱ्याचा क्षार वापरत, त्यानं कारागिरांचे हात कापत, स्वभाव बिघडे. अमेरिकेतल्या डॅनबरी गावात त्या कापऱ्याला 'डॅनबरी शेक्स' असंच नाव पडलं होतं. फेल्टमधला पारा तिथे १९४१ मध्ये बंद झाला.

शंका आली तर माझी पद्धत साधी आहे. चित्र बाजूला ठेवतो आणि तीन प्रश्न विचारतो: कोण करतंय, कोणावर करतंय, आणि बोलणारा कौतुक करतोय की टोला मारतोय? तिन्हींची उत्तरं जुळली तरच मराठी वाक्प्रचार लावतो. नाहीतर सरळ वाक्य लिहितो.

उलट्या दिशेनं जाताना मात्र कधी कधी जीवावर येतं. परवा शिकवणीतल्या एका मुलीनं निबंधात लिहिलं होतं, 'डोन्ट मेक अ क्रो आउट ऑफ अ फेदर.' पिसाचा कावळा, जसाच्या तसा इंग्रजीत उडवलेला. मी लाल पेनानं खोडून वर 'मेक अ माउंटन आउट ऑफ अ मोलहिल' हा इंग्रजी वाक्प्रचार लिहिला, गुण कापला, आणि वही परत देताना तिला सांगितलं, "तुझा कावळा जास्त चांगला होता गं."