पाउच पूर्ण रिकामे होत नाही? या चुका टाळा

दिवसातून पंधरा वेळा संडासला जावे लागते असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या मनात जुलाब हाच शब्द येतो, मग तो ऐकणारा घरचा असो की दवाखान्यातला. माझी इलिओस्टॉमी (लहान आतड्याचे तोंड पोटावर काढून मळ पिशवीत घेण्याची तात्पुरती सोय) बंद करून पाउच, म्हणजे मोठे आतडे काढल्यावर लहान आतड्यापासून बनवून गुदद्वाराशी जोडलेला मळाचा साठा, वापरात आल्यानंतर तिसऱ्या महिन्यात मीही तेच धरून चालले होते. वस्तीतल्या डॉक्टरांनी शौच घट्ट करणारी लोपरामाइडची गोळी दिली, आणि दोन दिवसांत अवस्था अशी झाली की चाळीस मिनिटे बसूनही चमचाभर मळ बाहेर पडेना, पोट मात्र ढोलासारखे ताणलेले. शेवटी शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जननी बोटाने तपासले, तेव्हा टाक्यांच्या जोडाशी वाट इतकी अरुंद झालेली होती की करंगळीचे टोकही आत जात नव्हते. मला जुलाब नव्हतेच. पाउच दर वेळी अर्धवट रिकामे होत होते, म्हणून ते पुन्हा पुन्हा भरल्यासारखे वाटत होते.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला दाह होऊन व्रण पडण्याचा आजार) किंवा आनुवंशिक पॉलिपच्या आजारात मोठे आतडे व गुदाशय काढून टाकतात, लहान आतड्याचा शेवटचा भाग दुमडून साधारण १५ ते २० सेंटिमीटर लांबीचा साठा तयार करतात आणि तो गुदद्वाराशी जोडतात. वर्षभरात हे सारे स्थिरावले की २४ तासांत साधारण चार ते आठ वेळा जावे लागणे हे नेहमीचेच, आणि मळ पातळ पिठल्यासारखा असावा, झुणक्यासारखा नव्हे. जाण्याची संख्या वाढली असेल तर आधी स्वतःला विचारावे की दर वेळी किती पडते. भरपूर आणि पाण्यासारखे पडत असेल तर तो जुलाब असू शकतो; पण थोडेथोडे पडून, उठल्यावर पाच मिनिटांत पुन्हा जावेसे वाटत असेल, तर अडचण बहुधा बाहेर पडण्याच्या वाटेची असते, आणि तिथे लोपरामाइड म्हणजे आधीच तुंबलेल्या नालीत आणखी माती.

दुसरी चूक कुंथण्याची. गुदाशय काढलेल्या माणसाला जुनी सवय सुटत नाही. पाउच हे मुळात लहान आतडे असल्याने त्याला गुदाशयासारखा जोर नसतो; पोटाच्या हलक्या दाबाने आणि गुदद्वाराचे स्नायू सैल सोडल्याने ते रिकामे होते. जोर लावताना अनेकांच्या ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल होण्याऐवजी आवळतात, म्हणजे दार ढकलायचे आणि त्याच वेळी कडीही लावायची असा प्रकार होतो. कमोड असेल तर पायाखाली वीतभर उंचीचे स्टूल किंवा दोन पाट घ्यावेत, कोपर गुडघ्यांवर टेकवून पुढे वाकावे, पोट सैल सोडून सावकाश श्वास घ्यावा. गुडघे साथ देत असतील तर आपली देशी पद्धतीची बैठकही चांगली. दहा मिनिटांत काम झाले नाही तर उठावे, घरातल्या घरात फिरावे आणि नंतर पुन्हा जावे. मोबाइल घेऊन तासभर बसणाऱ्यांना मूळव्याध आणि खाली उतरल्याची भावना यांखेरीज काही मिळत नाही.

इथे एक पोटचूक सांगितली पाहिजे, कारण ती चांगल्या हेतूने होते. शस्त्रक्रियेनंतर गळती होऊ नये म्हणून स्नायू आवळण्याचे व्यायाम शिकवले जातात, आणि काही जण ते वर्षानुवर्षे नेमाने करीत राहतात. ज्याला रिकामे करता येत नाही त्याला आवळण्यापेक्षा सोडणे शिकायचे असते. बायोफीडबॅकमध्ये स्नायूंची हालचाल पडद्यावर दिसत असल्याने आपण नेमके काय चुकवतो ते डोळ्यांना कळते. अर्थात त्याआधी जोड अरुंद नाही याची खात्री करून घ्यावी. अरुंद असेल तर सर्जन बोटाने किंवा धातूच्या गुळगुळीत सळ्यांनी, गरजेनुसार भूल देऊन, तो रुंद करतात. माझ्या बाबतीत हे तीनदा करावे लागले, आणि प्रत्येक वेळी मला वाटले की आता कायमचे झाले.

स्वतः बोट किंवा एखादी नळी घालून पाहण्याचा मोह कितीही झाला तरी शिकवल्याशिवाय ते करू नये. काहींना कॅथेटरने (पातळ नळीने) पाउच रिकामे करावे लागते, त्यात लाजण्यासारखे काही नाही. सर ॲलन पार्क्स आणि निकोल्स या सर्जननी १९७८ मध्ये लंडनहून ही शस्त्रक्रिया प्रथम मांडली तेव्हाच्या इंग्रजी ‘एस’ अक्षराच्या आकाराच्या पाउचला खाली लांब तोटी असे, आणि अनेक रुग्ण नळीवरच अवलंबून असत. पुढे इंग्रजी ‘जे’ अक्षराचा आकार रूढ झाला, त्यामागे हेही एक कारण होते. पण नळी कोणती, किती आत, कोणत्या जेलीने, हे स्टोमा नर्सने (अशा रुग्णांची निगा शिकवणाऱ्या परिचारिकेने) किंवा सर्जनने समोर दाखवायला हवे.

खाण्याबाबत आम्हा नागपूरकरांना थोडे निराश करावे लागते. संत्र्याचा रस चालतो; फोडीवरचा पापुद्रा मात्र पचत नाही आणि अरुंद जागी गोळा होऊन अडकू शकतो, म्हणून फोड सोलून, गर नीट चावून खावा. भुट्टा, सुके खोबरे, भाजलेले चणे, हिवाळ्यातले तुरीचे सोले यांचेही तसेच. तर्री पोह्यांतले चणे मी बाजूला काढते. तर्रीचे तिखट अडवत नाही, पण बाहेर पडताना जी आग होते ती सावजी खाणाऱ्याला वेगळी सांगायला नको. इसबगोल काहींना उपयोगी पडते, परंतु जोड अरुंद असताना किंवा पाणी कमी पिऊन घेतले तर तेच घट्ट लगदा होऊन बसते.

पाणी तोडणे ही मे महिन्यातली चूक. वारंवार जावे लागू नये म्हणून घराबाहेर पडताना घोटभरही न पिणारे मी पाहिले आहेत. मोठे आतडे नसल्याने पाणी आणि मीठ आधीच जास्त जाते, त्यात नवतपाचे ४५ अंश. परिणामी मळ चिकट होतो, चक्कर येते, लघवी गडद होते. नुसते पाणी पुरत नाही, ओआरएस किंवा मीठ घातलेले ताक हवे. उसाच्या रसासारख्या फार गोड पेयांनी उलट पातळ होते.

दुखते आणि वारंवार जावे लागते, म्हणजे पाउचला सूज, असे समजून सिप्रोफ्लोक्सासिन आणि मेट्रोनिडॅझोल या प्रतिजैविकांचे कोर्स परस्पर घेत राहणे हीदेखील चूक आहे. सूज, जोडाजवळ उरलेल्या गुदाशयाच्या पट्टीचा दाह, पाउचला पडलेला पीळ आणि स्नायूंचा दोष यांची लक्षणे एकमेकांत मिसळतात. दुर्बिणीची तपासणी आणि गरज पडल्यास पाउचमध्ये एक्स-रेत दिसणारे द्रव सोडून काढलेला एक्स-रे किंवा एमआरआय केल्याशिवाय त्यांतला फरक कळत नाही.

पोट फुगले आहे, कळा येत आहेत, उलट्या होत आहेत आणि मळ व वारा दोन्ही बंद आहेत, अशा वेळी पोट साफ होण्याचे औषध घेऊन घरी वाट पाहू नये, आतडे अडकलेले असू शकते. नागपुरात असाल तर थेट मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या) किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या आकस्मिक विभागात जावे आणि पहिल्याच वाक्यात सांगावे की मला मोठे आतडे नाही, पाउच आहे. रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरने पाउचचा रुग्ण पाहिलेला असेलच असे नाही. माझ्या पाकिटात, आधार कार्डाच्या मागे, एक घडी घातलेला कागद असतो: शस्त्रक्रियेची तारीख, पाउचचा आकार, जोड कितीदा रुंद केला आणि सर्जनचा नंबर.