वीज आली, भिंत काळीच: अग्निशमन केंद्रातल्या बहुउद्देशीय कक्षाचं एव्ही (दृकश्राव्य) डिझाइन

बोर्डरूम, प्रशिक्षण वर्ग, एखादं सभागृह अशी दोन-चार कामं पार पडली की अग्निशमन दलाचं काम ओळखीचं वाटतं. व्हिडिओ वॉल (पॅनेल्स जोडून केलेली पडद्यांची भिंत), डीएसपी (आवाजावर प्रक्रिया करणारं यंत्र), टच पॅनेल, दोन पीटीझेड (फिरणारे, झूम होणारे) कॅमेरे, व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स). बीओक्यू, म्हणजे सामानाची यादी, तसाच दिसतो, पण खोली तशी नसते. सोमवारी सकाळी तिथे नव्या फायरमनचा वर्ग भरतो, दुपारी आयुक्तांची बैठक होते, १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताहाचे कार्यक्रम होतात, आणि जुलैतल्या एखाद्या रात्री अडीच वाजता तीच खोली पुराचा आपत्कालीन कक्ष होते. डिझाइन या शेवटच्या वापरासाठी करायचं. बाकीचे तीन त्यात आपोआप मावतात. वर्गापासून सुरुवात केली तर अडीच वाजताची रात्र कधीच मावत नाही.

पुढचे आकडे मध्यम महापालिकेच्या केंद्रातल्या १० बाय ७ मीटर, ३ मीटर उंच खोलीचे आहेत. तुमच्या खोलीचे वेगळे येतील, पण रीत हीच.

कागदावर पहिली रेघ वॉच रूमभोवती, म्हणजे वर्दी घेण्याच्या खोलीभोवती, ओढा. १०१ ची लाइन, वायरलेसचा बेस सेट, घंटा, गाडी रवाना करण्याची नोंद, यातलं काहीही तुमच्या एव्ही उपकरणांच्या रॅकमधून जाता कामा नये. तुमचा सगळा रॅक बंद पडला तरी वर्दी घेतली गेली पाहिजे आणि बंब बाहेर पडला पाहिजे. वायरलेसचा आवाज कक्षात ऐकवायचा असेल तर बेस सेटच्या लाइन आउटमधून ट्रान्सफॉर्मर आयसोलेशन (दोन्हींमधली थेट विद्युत जोड तोडणारा ट्रान्सफॉर्मर) लावून घ्या, आणि तो एकाच दिशेने येऊ द्या. 'टच पॅनेलवरून सायरनही देऊ' अशी मागणी आली तर नम्रपणे नकार द्या आणि तो लेखी द्या.

वॉलचं माप सोपं आहे, फक्त मागच्या रांगेपासून मोजायला सुरुवात करायची. अरुंद कडांची ५५ इंची पॅनेल्स साधारण १.२१ बाय ०.६८ मीटर असतात. तीन बाय दोन लावली की ३.६३ बाय १.३६ मीटरची वॉल होते. उंचीच्या सहापट म्हणजे सुमारे ८ मीटर, आणि मागची रांग तिथेच येते. पण सहापटीचं हे गणित अक्षराची उंची वॉलच्या किमान ३ टक्के असेल तेव्हाच खरं ठरतं. म्हणजे सुमारे ४ सेंटिमीटर, वॉलच्या २१६० ओळींपैकी ६५. सीसीटीव्हीच्या सॉफ्टवेअरमधली कॅमेऱ्यांची नावं डीफॉल्टला याच्या पाव आकाराची असतात. त्यामुळे वॉल योग्य मापाची असूनही कोणाला काही वाचता येत नाही आणि दोष तुमच्यावर येतो. स्पेसिफिकेशनमध्येच लिहा: वॉलवर जाणाऱ्या प्रत्येक मजकुराचा किमान आकार एवढा. देवनागरी असेल तर मी ४ टक्के धरतो. वेलांटी, उकार, जोडाक्षरं लांबून आधी पुसट होतात. नकाशाचं बारीक काम वॉलवर होत नाही, त्यासाठी ऑपरेटरसमोर २७ इंची मॉनिटर द्या. वॉलची खालची कड जमिनीपासून १.२ मीटरवर ठेवा, म्हणजे पुढच्या माणसाच्या डोक्याआड खालची पट्टी जात नाही.

आवाजाच्या बाबतीत खोली आधी, स्पीकर नंतर. २१० घनमीटर खोलीत ०.६ सेकंदांचा गुंजनकाळ (आवाज विरायला लागणारा वेळ) हवा तर सुमारे ५६ चौरस मीटर शोषण लागतं. ७० चौरस मीटर छतावर ०.७ एनआरसीच्या (आवाज शोषण्याचा गुणांक) मिनरल टाइल्स लावल्या तर ४९ मिळतात. उरलेले मागच्या भिंतीवरच्या पॅनेल्सनी आणि माणसांनी भरून निघतात. जिप्समचं गुळगुळीत छत आणि व्हिट्रिफाइड फरशी ठेवून 'डीएसपी सांभाळून घेईल' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. भिंतीवरून परत आलेला आवाज कोणताही डीएसपी पुसून टाकत नाही.

दुसरी गोष्ट या खोलीचीच खास. इथे प्रत्येक अधिकाऱ्याच्या कमरेला ४-५ वॅटचा वॉकीटॉकी असतो. डीएमआर (डिजिटल वायरलेसचं एक मानक) सेट ६० मिलिसेकंदांच्या चक्रातल्या दोनपैकी एका खणात प्रसारण करतो, म्हणून लवचीक दांड्याच्या गूझनेक माइकजवळ बटण दाबलं की सेकंदाला सुमारे १७ ठोक्यांची 'टर्र' स्पीकरमधून येते. उपाय महाग नाही. आरएफ-प्रतिकारक माइक निवडा, कनेक्टरमध्ये केबलची शील्ड (बाहेरची जाळी) सर्किटला न जोडता थेट चॅसीला (धातूच्या पेटीला) जोडा, आणि सेटचे चार्जर टेबलापासून दोन मीटर लांब ठेवा. स्वीकृती चाचणीत प्रत्येक माइकपासून ३० सेंटिमीटरवर सेटचं बटण दाबून पाहा. वायरलेसचा आवाज छतावरच्या स्पीकरवर येत असेल तर एको कॅन्सलरच्या (प्रतिध्वनी काढणाऱ्या भागाच्या) रेफरन्समध्ये व्हीसीबरोबर तोही टाका, नाहीतर व्हीसीच्या पलीकडच्यांना तो घुमून ऐकू जाईल.

आता मुख्य खड्डा. यावर मी बेतापेक्षा जास्त जागा खर्च करणार आहे, कारण तो ड्रॉइंगमध्ये दिसत नाही, फॅक्टरी चाचणीत दिसत नाही, हस्तांतराच्या दिवशीही दिसत नाही. पहिल्या मोठ्या पावसात दिसतो.

वीज जाते. एएमएफ (वीज गेल्यावर जनरेटर आपोआप सुरू करणारं) पॅनेल जनरेटरला हुकूम देतं आणि लोड त्याच्यावर यायला १० ते ३० सेकंद लागतात. तेवढ्यासाठी यूपीएस आहे. नवखा डिझायनर रॅक यूपीएसवर घेतो आणि वॉल कच्च्या पुरवठ्यावर ठेवतो, कारण सहा पॅनेल्सचा १२०० वॅटचा भार काढला की यूपीएस एक माप लहान बसतो. हिशेब असा असतो: पंधरा सेकंद काळोख, मग चित्र परत. ते परत येत नाही. का येत नाही ते एकेक पायरीने पाहा.

वीज परत आल्यावर पॅनेल सुरू होईलच असं नाही. बऱ्याच पॅनेल्सची फॅक्टरी सेटिंग 'स्टँडबाय' असते. सहापैकी चारांवर ती बदललेली आणि दोनांवर राहून गेलेली, हेही घडतं. इकडे सगळ्या उपकरणांना कमांड देणारा कंट्रोल प्रोसेसर यूपीएसवर जिवंतच असतो. त्याने सकाळी 'ऑन' पाठवलं होतं, त्यामुळे त्याच्या लेखी वॉल चालूच आहे आणि टच पॅनेलवर हिरवा दिवा आहे. ड्यूटीवरचा माणूस 'ऑन' दाबतो. प्रोग्रॅम म्हणतो आधीच ऑन आहे, आणि काहीच पाठवत नाही. कमांड टॉगल प्रकारची (चालूचं बंद, बंदचं चालू करणारी) असेल तर आणखी वाईट: चार पॅनेल्स बंद होतात आणि दोन सुरू.

याच पंधरा सेकंदांत दुसरी गोष्ट घडलेली असते आणि ती कोणाच्या लक्षातही येत नाही. पॅनेल बंद झालं की एचडीएमआयची हॉट-प्लग लाइन (पडदा जोडलेला आहे हे कळवणारी) पडते. वर्कस्टेशनला वाटतं मॉनिटर काढला. विंडोज वाढवलेला डेस्कटॉप गुंडाळतं, सीसीटीव्हीच्या सोळा खिडक्या आणि नकाशा एका मॉनिटरवर येऊन पडतात. पॅनेल परत आलं तरी ईडीआयडी (पडद्याने कळवलेली स्वतःची मापं) वाचताना जरा उशीर झाला की मशीन १०२४ बाय ७६८ वर बसतं. मांडणी पुन्हा लावायला माहीतगार माणसालाही दहा मिनिटं लागतात, आणि रात्री अडीचला माहीतगार माणूस घरी असतो.

खरी वीज परत येते तेव्हा चेंजओव्हरचा दुसरा झटका बसतो आणि हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. पावसाळी रात्री असे सहा-सात झटके सहज बसतात.

उपाय महाग नाहीत, फक्त सगळे एकत्र हवेत. एक गाळला तर बाकीचे वाया जातात. वॉल यूपीएसवर घ्या. १२०० वॅट वॉलचे, ४०० कंट्रोलरचे, ९०० रॅकचे, ५०० दोन वर्कस्टेशनचे, एकूण ३ किलोवॅट. ६ केव्हीएचा ऑनलाइन (सतत इन्व्हर्टरमधून वीज देणारा) यूपीएस ५५ टक्क्यांच्या आसपास चालतो. त्याला १२ व्होल्ट, २६ अँपिअर-तासाच्या १६ बॅटऱ्या लावल्या तर अर्धा तास निवांत मिळतो. ऑफलाइन किंवा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस इथे घेऊ नका. पैसे खरंच नसतील तर निदान मधली दोन पॅनेल्स यूपीएसवर घ्या आणि आपत्कालीन मांडणी त्यांच्यावरच बसवा.

यूपीएस आला तरी पॅनेलची 'पॉवर-ऑन स्टेटस' सेटिंग प्रत्येकावर हाताने 'ऑन' करा आणि यादीवर सही घ्या. बॅटरी कधीतरी संपणारच आहे. सिग्नल नसताना बंद होण्याची आणि वीजबचतीची सेटिंग काढून टाका. प्रत्येक स्रोताला मॅट्रिक्सच्या (चित्रं हवी तिकडे वळवणाऱ्या पेटीच्या) किंवा एन्कोडरच्या इनपुटवर स्थिर ईडीआयडी द्या, म्हणजे पलीकडे पॅनेल मेलं तरी वर्कस्टेशनला मॉनिटर दिसत राहतो. 'ऑन' आणि 'ऑफ' या स्वतंत्र कमांड ठेवा, आणि प्रोसेसरने दर ३० सेकंदांनी पॅनेलला त्याची अवस्था विचारावी. टच पॅनेलवरचा दिवा पॅनेलच्या उत्तरावरून लागला पाहिजे. सगळ्या उपकरणांना स्थिर आयपी द्या. डीएचसीपीने पत्ते वाटणारा राउटर उशिरा उठला तर निम्मी उपकरणं १६९.२५४ च्या पत्त्यावर जाऊन बसतात.

एक उपखड्डा आहे. ऑनलाइन यूपीएस जनरेटरचा पुरवठा नाकारू शकतो. लहान किंवा झिजलेल्या जनरेटरची वारंवारता हलते, यूपीएस ती मर्यादेबाहेर धरून बॅटरीवरच राहतो आणि अर्ध्या तासाने सगळं बसतं, शेजारी जनरेटर धडधडत असताना. म्हणून इनपुट वारंवारतेची खिडकी रुंद करता येते का, हे खरेदीआधी विचारा. लिफ्ट आणि पंप त्याच जनरेटरवर असतील तर ते सुरू करून पाहा.

चाचणी खोटी करू नका. सॉफ्टवेअरमधून 'ऑफ' देणं ही चाचणी नव्हे. सगळं चालू, सोळा खिडक्या उघड्या, व्हीसी जोडलेली, आणि इमारतीच्या वायरमनने मुख्य खटका पाडायचा. घड्याळ लावा. जनरेटरवर जाताना एकदा, परत येताना एकदा, आणि तिसऱ्यांदा यूपीएसची बॅटरी पूर्ण संपू देऊन. या तिसऱ्या वेळी कोण किती वेळात उठतं ते लिहा. पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज देणाऱ्या) स्विचला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि त्याच्यावरचे टच पॅनेल, माइक आणि कॅमेरे त्याच्यानंतरच उठतात. विंडोजवर चालणारा वॉल कंट्रोलर सर्वांत शेवटी. एकाही माणसाने हात न लावता आपत्कालीन मांडणी आली पाहिजे. आली नाही तर काम झालेलं नाही, मग उद्घाटनाची तारीख काहीही असो.

हे सगळं एकदम वाचून छाती दडपते, मला कल्पना आहे. पण यात एकही अवघड गणित नाही. दोन दिवस शांतपणे खटके पाडले की यातल्या बहुतेक चुका स्वतःहून समोर येतात.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. दुसऱ्या शहराचा बीओक्यू उचलून नाव बदलू नका. त्यात त्यांच्या खोलीची उंची, त्यांचा जनरेटर आणि त्यांच्या सल्लागाराची चूक, तिन्ही असतात. उत्पादक कंपनी फुकट डिझाइन करून देते तेव्हा त्यात तिची पेटी आधी ठरलेली असते आणि गरज नंतर. एव्हीचं सर्टिफिकेशन जरूर करा, भाषा आणि शिस्त मिळते. पण गुरू शोधायचा तर केंद्रातला वायरमन आणि रात्रपाळीचा वॉच रूम ऑपरेटर शोधा. कुठला फेज पडतो, कुठे पाणी गळतं, कोणता दरवाजा बंद होत नाही, हे त्या दोघांना माहीत असतं. त्यांच्याबरोबर एक पूर्ण रात्रपाळी बसा, मगच ड्रॉइंग सुरू करा.

बाकीचं थोडक्यात. बटणं चारच ठेवा: वर्ग, बैठक, पत्रकार, आपत्कालीन. शेवटचं बटण भिंतीवर खरंखुरं, दिव्याचं, 'नक्की का?' न विचारणारं असू द्या. ते दाबताच वर्गाचं रेकॉर्डिंग आणि प्रक्षेपण थांबलं पाहिजे. 'पत्रकार'मध्ये घटनेची यादी आणि नकाशा वॉलवरून काढला जातो, कारण त्यावर लोकांचे पत्ते आणि फोन असतात. बातम्यांच्या सेट-टॉप बॉक्सला एचडीसीपी (कॉपी रोखणारं कुलूप) असतं, तो रेकॉर्डरकडे वळवला तर काळं चित्र मिळतं. त्याला वॉलपुरताच ठेवा. एव्ही ओव्हर आयपी (नेटवर्कवरून चित्र-आवाज) घेतलं तर वेगळं व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा कप्पा) आणि प्रवाह मागणाऱ्यांपुरताच ठेवणाऱ्या आयजीएमपी स्नूपिंग क्वेरियरसकट, नाहीतर मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना जाणारा प्रवाह) सगळ्या नेटवर्कभर सांडतं. रॅक वेगळ्या खोलीत असेल तर तिथला एसी वीज आल्यावर स्वतःहून सुरू होतो का, तेही खटका पाडतानाच पाहा.

हस्तांतराच्या वेळी रॅकच्या दाराला आतून एक कागद चिकटवा, मराठीत, मोठ्या अक्षरात: काय आधी उठतं, किती मिनिटांनी, आणि नाही उठलं तर कोणता खटका. खाली बॅटऱ्या बसवल्याची तारीख लिहा; गरम खोलीत त्या तीन-चार वर्षांच्या पुढे भरवशाच्या राहत नाहीत. एएमसीच्या (वार्षिक देखभालीच्या) करारात एक ओळ घाला: जनरेटर नुसता फिरवून न पाहता महिन्यातून एकदा तो लोडसकट चालवायचा, वॉल चालू ठेवून, मुख्य खटका पाडून, आणि उठायला लागलेली मिनिटं त्याच कागदावर लिहायची.