बुशभोवती सात छिद्रे: चौथ्या अक्षाचा प्रोग्राम कसा लिहावा

व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या संगणकनियंत्रित मिलिंग मशीनवर) चौथा अक्ष, म्हणजे जॉब फिरवणारे रोटरी टेबल, आला की गोल जॉबभोवती छिद्रे पाडताना इंडेक्सिंग हेडच्या प्लेटवरची भोके मोजत बसावे लागत नाही. कोन कंट्रोल, म्हणजे मशीनचा संगणक, मोजतो. पण तो कुठून आणि कशाभोवती मोजायचा, हे मात्र आपणच ठरवून द्यावे लागते. उदाहरणासाठी बाहेरचा व्यास ६० मिमी आणि आतला व्यास ४० मिमी असलेला माइल्ड स्टीलचा बुश, म्हणजे जाड भिंतीची आखूड नळी, घेऊ. त्याच्या मोकळ्या फेसपासून २५ मिमी अंतरावर, परिघाभोवती, ६ मिमी व्यासाची सात आरपार तेलछिद्रे समान अंतराने पाडायची आहेत. सात हा आकडा मुद्दाम घेतला आहे, कारण ३६० ला सातने पूर्ण भाग जात नाही.

रोटरी टेबलाचा आस एक्स अक्षाला समांतर असेल, तर त्याच्या फिरण्याला ए अक्ष म्हणतात. वर्क ऑफसेट (प्रोग्रामचे शून्य कुठे आहे हे मशीनला सांगणारी नोंद) घेताना वाय आणि झेड या दोन्हींचे शून्य या आसावरच घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. सपाट प्लेटवर काम करण्याची सवय असलेले अनेकजण झेडचे शून्य जॉबच्या माथ्यावर घेतात. तेही चालते, पण मग जॉबचा व्यास बदलला की ऑफसेट पुन्हा घ्यावा लागतो. शून्य आसावर असले, तर ड्रॉइंगमधली त्रिज्या हाच झेडचा आकडा होतो: बाहेरचा पृष्ठभाग झेड ३० वर, आतला झेड २० वर.

आस शोधण्यासाठी चकमध्ये ग्राइंड केलेला मँड्रेल (अचूक गोल दांडा) धरावा आणि डायल लावून त्याचा रनआउट, म्हणजे फिरताना होणारी डगमग, पाहावा. मग एज फाइंडरने वायच्या दोन्ही बाजू घेऊन मधला आकडा काढावा, आणि मँड्रेल १८० अंश फिरवून तेच पुन्हा करून दोन्ही उत्तरांची सरासरी घ्यावी. झेडसाठी मँड्रेलच्या माथ्याला टच घेऊन त्यातून मँड्रेलची त्रिज्या वजा करावी. एक्सचे शून्य बुशच्या मोकळ्या फेसवर घ्यावे.

वायमधली चूक फसवी असते. समजा शून्य ०.१ मिमीने सरकले, तर सातही छिद्रे सारखीच सरकतात, त्यांच्यातले अंतर अगदी बरोबर येते आणि तपासणीत जॉब पास होतो. प्रत्यक्षात मात्र एकाही छिद्राची मध्यरेषा बुशच्या केंद्रातून जात नसते. ही चूक पकडण्यासाठी टाकाऊ नळीच्या तुकड्यावर ए शून्य आणि ए १८० वर एकेक छिद्र पाडावे आणि दोन्हींतून एकच सरळ पिन घालून पाहावी. वायची चूक इथे दुप्पट होऊन, म्हणजे ०.२ मिमी दिसते आणि नीट बसणारी पिन समोरच्या छिद्राच्या काठावर अडते.

आता कोन. ३६० भागिले ७ म्हणजे ५१.४२८५७… अंश. जी९१ मध्ये, म्हणजे आधीच्या जागेपासून मोजण्याच्या पद्धतीत, दर वेळी ए५१.४२८ पुढे जायचे ठरवले, तर सात पावलांनंतर आपण ३५९.९९६ अंशांवर असतो. एका बुशपुरता हा फरक नगण्य आहे, कारण ६० मिमी व्यासावर एक अंश म्हणजे परिघावर सुमारे ०.५२ मिमी. पण अक्ष शून्यावर न आणता तोच सबप्रोग्राम वीस जॉबना चालवला, तर फरक ०.०८ अंशांपर्यंत साचतो, आणि कीवेच्या (चावीच्या खाचेच्या) संदर्भाने छिद्रे हवी असतील तर तो जाणवू लागतो. त्यामुळे प्रत्येक कोन आधीच्या छिद्रापासून न मोजता शून्यापासून मोजावा: कितवे छिद्र (पहिल्याला शून्य धरून), गुणिले ३६०, भागिले एकूण छिद्रे. मग राउंडिंगची चूक त्या त्या छिद्रापुरतीच राहते.

खोलीचा हिशेबही आसापासूनच करावा. ११८ अंशांच्या ड्रिलचे टोक व्यासाच्या सुमारे ०.३ पट, म्हणजे इथे १.८ मिमी लांब असते. शिवाय आतली भिंत वक्र असल्याने ड्रिलच्या कडेपाशी ती झेड २० वर नसून सुमारे १९.७७ वर असते. दोन्ही धरून झेड १७ पर्यंत गेले की छिद्र पूर्ण मापाचे आरपार होते आणि थोडी मोकळीकही उरते.

फॅनुक पद्धतीच्या मॅक्रोमध्ये प्रोग्रामचा गाभा असा होतो. #१०१ म्हणजे एकूण छिद्रे, #१०२ म्हणजे कितवे छिद्र, आणि जी८१ हा ड्रिलिंगचा आदेश. मशीनवर ही अक्षरे अर्थातच रोमन लिपीत टंकायची आहेत.

जी९० जी५४ जी०० एक्स-२५. वाय०. ए०.
एस१३०० एम०३
जी४३ एच०२ झेड१२०. एम०८
#१०१=७
#१०२=०
व्हाइल [#१०२ एलटी #१०१] डू१
जी०० ए[३६०.*#१०२/#१०१]
जी९९ जी८१ एक्स-२५. वाय०. झेड१७. आर३२. एफ१३०.
जी८०
#१०२=#१०२+१
एंड१
जी०० झेड१२०. एम०९

यातला एक्स उणे आहे, कारण रोटरी टेबल डावीकडे आहे असे मी धरले आहे. ते उजवीकडे असेल तर चिन्ह बदलेल. १३०० आरपीएम हा वेग एचएसएस ड्रिलसाठी, साधारण २५ मीटर प्रतिमिनिट कटिंग स्पीड धरून काढला आहे. जी९९ मुळे टूल आर ३२ वर, म्हणजे पृष्ठभागापासून २ मिमी वर थांबते आणि जॉब त्याच्याखाली फिरतो. बुश गोल असल्याने हे सुरक्षित आहे. जॉबला लग किंवा उंचवटा असेल तर जी९८ वापरावा, म्हणजे टूल सुरुवातीच्या उंचीपर्यंत वर जाते. वक्र पृष्ठभागावर ड्रिल घसरते, म्हणून आधी स्पॉट ड्रिलने हाच लूप कमी खोलीवर चालवावा.

रोटरी टेबलाला ब्रेक असेल तर कोन बदलण्याआधी तो सोडावा आणि ड्रिलिंगआधी पुन्हा लावावा. बऱ्याच मशीनवर यासाठी एम११ आणि एम१० असतात, पण मशीनच्या पुस्तकात ते पाहूनच लिहावेत. वर्म आणि वर्मव्हील या गिअरमधल्या बॅकलॅशमुळे (दातांमधल्या ढिलाईमुळे) सर्व छिद्रांना एकाच दिशेने पोहोचणे बरे. वरचा लूप कोन वाढवतच नेत असल्याने दुसऱ्या छिद्रापासून पुढे ते आपोआप साधते.

दशांशबिंदू विसरू नये, हे मी स्वतः जॉब घालवून शिकलो. सहा छिद्रांच्या एका जॉबवर मी जी९१ मध्ये ‘ए६०’ लिहिले आणि पुढचा बिंदू राहिला. त्या कंट्रोलने तो ०.०६० अंश वाचला. मशीनने सहा वेळा निमूटपणे ड्रिल केले, आणि दार उघडल्यावर पाहतो तो जॉबवर एकच, किंचित लांबट छिद्र. तेव्हापासून नवा प्रोग्राम मी आधी झेड वर उचलून सिंगल ब्लॉकमध्ये (एकेका ओळीनंतर थांबत) चालवतो आणि स्क्रीनवरचा ए चा आकडा प्रत्येक छिद्राला मोठ्याने वाचतो.

पहिला जॉब उतरवल्यावर सगळीच अंतरे मोजत बसू नये. शेवटचे आणि पहिले छिद्र यांच्यातले अंतर आधी मोजावे आणि ते मधल्या कोणत्याही जोडीशी ताडून पाहावे. कुणी घाईत ५१.४ चे पाऊल टाकले असेल, तर शेवटचा कोन ५१.६ अंश उरतो आणि ते अंतर ६० मिमी व्यासावर इतरांपेक्षा सुमारे ०.१ मिमीने जास्त भरते.