विहिरीतून निघालेला दगड : अंडं, हाड की गारगोटी?

आमचा धंदा विहिरी खोदायचा, पारोळा-अमळनेर पट्ट्यात. मुरूम संपून काळा पाषाण लागला की चित्रविचित्र दगड वर येतात आणि काठावरचं कुणीतरी विचारतंच, "भाऊ, हाई काय शे?" मी आधी उलट विचारतो, कोणत्या थरातून निघाला? आकार नंतर बघू.

खान्देशचा पाषाण म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्या उष्णतेत हाडं-शिंपले टिकत नाहीत. दोन लाव्ह्यांच्या मधे गाळाचा थर असेल तरच जीवाश्माची आशा. म्हणून पाषाणातला गोल गोळा हा बहुतेक वेळा पाषाणच असतो. भेगांत पाणी मुरतं, कोपरे आधी कुजतात आणि गाभा गोल उरतो. फुटलेली कड नीट पाहा. कांद्यासारखे पापुद्रे आणि आत तोच काळा दगड असेल तर अंड्याचं नाव काढू नका. खऱ्या अंड्याला पातळ, सारख्या जाडीचं कवच असतं. सातपुड्यापलीकडे धार जिल्ह्यात डायनासोरची ९२ घरटी आणि २५६ अंडी सापडल्याचं संशोधन २०२३ मध्ये आलं, पण ती गाळाच्या चुनखडकात होती.

पोकळ गोळ्यात चकाकणारे स्फटिक असले तर ती गारगोटी. जळगावकडच्या पाषाणात अपोफिलाइट आणि स्टिल्बाइट नावाचे स्फटिक फार देखणे मिळतात, ते घणाने फोडू नका. दगडावर नेच्याचं चित्र दिसलं तर मधली शीर शोधा. शीर नसेल, चित्र फक्त फटीच्या पृष्ठावर असेल, तर पाण्याने आणून ठेवलेलं ते मँगनीजचं खनिज आहे, झाडाचा ठसा नव्हे.

तापी-गिरणेच्या काठचा गाळ मात्र वेगळा. तिथे जुन्या जनावरांची हाडं मिळू शकतात, आणि फसवणारी चुनखडही, म्हणजे मातीत गोठलेले चुन्याचे खडे. बोटासारखी, सांध्यासारखी चुनखड मी पुष्कळ पाहिली आहे. लिंबाचा रस टाकला की ती फसफसते, पण मुरलेल्या हाडातही चुना असू शकतो, म्हणून फेसावर निकाल देऊ नका. तुटलेली बाजू भिंगाखाली धरा. बाहेर घट्ट साल आणि आत बारीक जाळी असेल तर हाड. सगळीकडे एकसारखा पोत असेल तर चुनखड.

पातळ कवचाचा तुकडा तर कधीच फेकू नका. चाळीसगावजवळच्या पाटण्याला उत्खननात शहामृगाच्या अंड्याचं नक्षी कोरलेलं कवच निघालं, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचं. आपल्या मातीत हे आहे, याचा मला फार अभिमान वाटतो.

हाड किंवा कवच वाटलं तर खोदकाम तिथेच थांबवा. धुऊ नका, तेल-शेंदूर लावू नका. शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, खोली आणि गट नंबर लिहून ठेवा, थराचाही एक फोटो घ्या. मग जवळच्या कॉलेजचा भूगर्भशास्त्र विभाग गाठा, नाहीतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला कळवा.