काढा शेवटी: पावसाळ्यात प्रतिकारशक्ती सांभाळण्यासाठी घरात काय करावं

जून उजाडला की घरोघरी काढ्याचं पातेलं चढतं. घसा शेकायला काढा चांगलाच, पण एवढ्यावर प्रतिकारशक्ती 'वाढते' असं नाही. शिवाय ती नुसती वाढवत न्यायची गोष्टही नव्हे. भलतीकडे भडकली तर अ‍ॅलर्जी आणि आमवातासारखे आजार त्यातूनच होतात. आपल्या हातात आहे ते तिला काही कमी पडू न देणं.

बहुतेक घरांत कमी पडतात ती प्रथिनं. जंतूंना रोखणारी प्रतिपिंडं प्रथिनांचीच असतात. निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. ३० ग्रॅम कोरड्या डाळीत सुमारे ७ ग्रॅम, एका अंड्यात ६, पेलाभर दुधात ८ आणि मूठभर शेंगदाण्यांत ७ ग्रॅम मिळतात. पळीभर पातळ वरणावर हा हिशेब जमत नाही. डाळ शिजायला घालतानाच माणशी दोन मोठे चमचे शीग लावून घ्या आणि दुसऱ्या जेवणात उसळ ठेवा.

पावसाळ्यात मटकीला मोड आणताना ती हमखास बुळबुळीत होते. कारण हवा दमट असते आणि फडक्यात अडकलेलं पाणी सुकत नाही. मटकी ८ ते १० तास भिजवा, दोन पाण्यांनी धुऊन चाळणीत अर्धा तास पूर्ण निथळू द्या, मग कोरड्या सुती फडक्यात सैलसर बांधा. घट्ट पुरचुंडी आतून गरम होते आणि मटकी आंबते. सात-आठ तासांनी एकदा धुऊन, पुन्हा निथळून, फडकं बदला. मोड पेराएवढेही लांब नकोत, दाण्याइतके झाले की पुरे. आंबूस वास आला तर सरळ टाकून द्या. मोड यायला लागते तीच ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते, म्हणून या दिवसांत कच्च्या मोडांची कोशिंबीर टाळा. शिजवून किंवा नीट वाफवून खा. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा, कारण क जीवनसत्त्व उष्णतेने घटतं. त्याच लिंबामुळे उसळीतलं लोहही अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर उलटं होतं. तासाभराचं अंतर ठेवा. क जीवनसत्त्वाची दिवसभराची गरज एका मध्यम पेरूत भागते. त्यासाठी गोळ्यांची बाटली आणायचं कारण नाही.

पाण्याच्या बाबतीत तुरटीवर विसंबू नका. तिने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. गढूळ पाणी निवळू द्या, स्वच्छ फडक्यातून गाळा आणि खळखळ उकळी फुटल्यावर पूर्ण एक मिनिट उकळा. त्याच भांड्यात झाकून गार करा. इतकं करून पुढे घोटाळा होतो तो पेला बुडवून पाणी घेण्यात: बोटं पाण्याला लागतात आणि उकळणं वाया जातं. ओगराळं वापरा, नाहीतर तोटीची टाकी.

झोपेला सगळ्यात कमी भाव मिळतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १६४ निरोगी माणसांच्या नाकात मुद्दाम सर्दीचा विषाणू सोडला होता. रोज सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक निघाली. तेव्हा रात्री अकरा वाजता हळदीचं दूध पिऊन एक वाजेपर्यंत मोबाइल बघण्यात काही राम नाही.

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते आणि तिचा परिणाम व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लूची साथ येते, म्हणून मे महिना सोयीचा. राहून गेली असेल तर उशिराही चालेल. ज्येष्ठ, गरोदर बाया, दमेकरी आणि मधुमेही यांनी डॉक्टरांशी बोलून ती घ्यावीच. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी मात्र शेजाऱ्याच्या सांगण्यावरून आठवड्यामागून आठवडे घेऊ नका. ते चरबीत साठतं आणि अति झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं.

आता काढा. दोघांसाठी दोन कप पाणी, अर्धा इंच आलं, सहा-सात तुळशीची पानं, दोन मिरी, गवती चहाची एक पात. झाकण ठेवून पाच मिनिटं मंद उकळा. दिवसातून एकदा पुरे. सुंठ-मिरी-दालचिनीचा जाळ करून तीनदा प्यायलात तर छातीत जळजळ ठरलेली. मध कोमट झाल्यावर घाला. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही. गुळवेल रोज, महिनोन्महिने घेऊ नका: २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी ती घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, तरी यकृताचा किंवा थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी वैद्यांना विचारल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये.

एवढं करूनही गळवं पुन्हा पुन्हा येत असतील, जखम चिघळत असेल किंवा लघवीचा संसर्ग परत परत होत असेल, तर नवा काढा शोधू नका. आधी रक्तातली साखर तपासून घ्या.